चारशे बारा वेळा उघडलेलं दार

१

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही सतराव्या मजल्यावर उभे आहात. समोर लिफ्टची दोन दारं आहेत आणि दोन्ही बंद आहेत. दारांवरच्या लाल आकड्यांपैकी एक चौदावर अडलाय, दुसरा सहावर. तुमच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत तुमचे आजोबा बसलेत. त्यांचा हात छातीवर आहे आणि कपाळ घामानं भिजलंय. खिडकीतून परळच्या हॉस्पिटलची पाटी वाचता येते, इतकं ते जवळ आहे. तुम्ही बटण दाबता. पुन्हा दाबता. चौदा चौदाच राहतो आणि सहा सहाच.

किती वेळ थांबाल?

काळाचौकीच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरमधली प्रिती गमरे तेरा मिनिटं थांबली. बारा वर्षांची पोर. तिचे बाबा जिन्यानं खाली धावले, वरून तिची आजी बकुळाबाई हाका मारत राहिली. चौदाव्या मजल्यावर कुणाचं तरी नवं कपाट लिफ्टमधून बाहेर निघत नव्हतं. सहाव्या मजल्यावर एक सून दारात पाय घालून उभी होती, कारण सासूबाई चष्मा विसरल्या म्हणून घरात परत गेल्या होत्या. दोघांपैकी कुणीच वाईट नव्हतं. वर कोण खोळंबलंय हे त्यांना दिसत नव्हतं, एवढंच.

लिफ्ट आली तेव्हा राजाराम आजोबांचा हात छातीवरून खाली घसरला होता.

दहा दिवसांनी प्रितीची मायाआत्या घरी आली. ती दादरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिनं सोसायटीच्या कपाटातून एक जाडजूड अहवाल आणला आणि जेवणाच्या टेबलावर आपटला.

"अभय, हे वाच."

प्रितीचे बाबा वाकले. पान एकेचाळीसवर लिहिलं होतं: बावीस मजल्यांना दोन लिफ्ट पुरेशा. दहा मिनिटांहून जास्त थांबावं लागण्याची शक्यता साठ वर्षांत एकदा.

"साठ वर्षांत एकदा?" बाबा म्हणाले. "आपण राहायला येऊन तीन महिने नाही झाले. ही चौथी वेळ."

"म्हणजे कुणीतरी खोटं बोललंय," आत्या म्हणाली. "आपल्या तक्रारीवर सोमवारी सुनावणी आहे. आकड्यांत कुणी हात घातला हे सिद्ध झालं, तर हिशोब नव्यानं करावा लागेल आणि बिल्डरला भिंतीबाहेरून तिसरी लिफ्ट लावून द्यावी लागेल. नाही झालं, तर या दोनच. कायमच्या."

आतल्या खोलीत बकुळाबाई खोकल्या. त्यांचंही हृदय काही धडधाकट नव्हतं. डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात सांगितलं होतं, दुखलं की लगेच निघायचं, मिनिट घालवायचं नाही.

प्रितीनं बोटांवर दिवस मोजले. सोमवारला चारच उरले होते.

२

"पण आत्या, टॉवर बांधायच्या आधीच त्यांना कसं कळलं किती वेळ थांबावं लागेल?"

मायाआत्याला असा प्रश्न विचारला की तिचा राग थोडा वेळ तरी बाजूला बसायचा. ती म्हणाली, "संगणकात खोटा टॉवर उभा करतात. खोटी माणसं, खोटी लिफ्ट. त्याला म्हणायचं सिम्युलेशन. खोटी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली की संगणक एक चिठ्ठी काढतो, दार किती सेकंद उघडं राहिलं याची. लाखो चिठ्ठ्या काढायच्या आणि बघायचं, काय होतं ते."

"चिठ्ठ्या कुणी लिहिलेल्या?"

"बरोबर विचारलंस. दोन डबे आण."

प्रितीनं स्वयंपाकघरातून दोन रिकामे डबे आणले. आत्यानं एकात तीन चिठ्ठ्या टाकल्या, दहा, अकरा आणि बारा. दुसऱ्यात एकूण दहा चिठ्ठ्या टाकल्या, त्यातल्या नऊ पाचाच्या आणि एक पासष्टची.

"दोन्हींची सरासरी काढ."

प्रितीनं कागदावर बेरजा केल्या. "पहिल्याची अकरा. दुसऱ्याची... ती पण अकरा!"

"सरासरी तीच. म्हणजे डबे सारखे?"

"छे! दुसऱ्यात पासष्ट आहे."

"मग पहिल्या डब्यातून पासष्ट कधी निघेल?"

"चिठ्ठीच नाही तर निघेल कशी?"

"लाख वेळा हात घातला तर?"

"आत्या, नाहीये ना ती आत!"

मायाआत्या म्हणाली, "संगणकाचंही असंच. तो चिठ्ठ्या काढण्यात कितीही हुशार असू दे, डबा माणूस भरतो. कोणते आकडे आणि कोणता किती वेळा, या मांडणीला आम्ही वितरण म्हणतो. ते चुकीचं निवडलं की पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं. आपल्या लिफ्टच्या डब्यात पासष्टची चिठ्ठी असायला हवी होती. दोनशेची, पाचशेचीसुद्धा. ती कुणीतरी काढून घेतली."

"कुणी?"

"तेच शोधायचंय. तिघांचे हात त्या डब्याला लागलेत. तू येतेस?"

३

पहिला हात शरच्चंद्र यांचा. ते बिल्डरच्या कंपनीतले मोठे अधिकारी. परळला पूर्वी गिरणी होती त्या जागेवर त्यांचं काचेचं ऑफिस होतं. त्यांनी प्रितीसाठी बिस्किटं मागवली, पण तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

"मॅडम, झालं ते वाईट झालं. पण माझा दोष काय? मूळ नकाशात तीन लिफ्ट होत्या. अहवाल म्हणाला दोन पुरतात. तिसरीच्या जागेत आम्ही पाण्याचे पाइप घेतले. आता ती पोकळी भरली."

"दोन पुरतात हे ऐकून तुम्हाला आनंद झाला असेल."

"झाला ना! खोटं कशाला बोलू? आश्चर्यही वाटलं. मला वाटलं होतं आकडे भयंकर येतील." ते खुर्चीत मागे रेलले. "तुमच्या लोकांच्या मीटिंगमध्ये मी तोंडावर बोललो होतो, की चाळीतल्या माणसांना लिफ्ट म्हणजे खेळणं वाटतं, दारात पाय घालून गप्पा मारत बसतात. राग आला असेल तेव्हा. पण बघा, आकड्यांनी मलाच खोटं पाडलं."

प्रितीनं हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

"आकडे तुम्ही बदलायला सांगितले?" आत्यानं सरळ विचारलं.

"मला त्यातलं काय कळतं, मॅडम? ते मॉडेल त्या पोरानं बनवलं. निमेश." त्यांनी अहवालाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "आणि खरं सांगू का, लोक टॉवरमध्ये राहायला आले त्याच महिन्यात त्यानं नोकरी सोडली. का, ते त्यालाच विचारा."

४

निमेश दादरला आईबरोबर राहायचा. दार त्यानंच उघडलं. तीस-एक वर्षांचा, दाढी वाढलेली. नाव ऐकताच त्याचा चेहरा उतरला.

"गमरे? म्हणजे ते... पेपरात आलं होतं ते?"

"ते आमचे अण्णा, माझे वडील," माया म्हणाली. "आणि हिचे आजोबा."

तो आतून लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर एक टेकडी दिसत होती. मधे उंच, दोन्ही बाजूंना अलगद उतरणारी, टांगलेल्या घंटेसारखी.

"चारशे बारा आकडे होते," तो म्हणाला. "चाळ पाडल्यावर तुम्ही तात्पुरते राहत होतात त्या संक्रमण शिबिरातल्या लिफ्टचे. सगळ्यात लहान पाच सेकंद, सगळ्यात मोठा एकोणीस. मध्य अकरा. मॅडम, इतकी सुबक घंटा मी पुस्तकाबाहेर पाहिली नव्हती."

"आणि लांबलेले आकडे? ते चुकीचे समजून तू गाळलेस."

"नाही."

"निमेश, सगळेच गाळतात. एखादा आकडा फार मोठा दिसला की म्हणतात, घड्याळ बंद करायला विसरला असेल."

"एकही नाही, मॅडम! शपथेवर सांगतो. मी उलटा शोध घेतला. लांब शेपटीचे आकारही लावून बघितले, ज्यांत क्वचित एखादा आकडा खूप मोठा निघतो. माणसं आहेत, कधीतरी दार धरणारच, असं मला वाटत होतं. पण आकड्यांनी ते आकार नाकारले. घंटाच बसली." त्यानं केसांतून हात फिरवला. "मी आकड्यांचं ऐकलं. त्या इमारतीत जाऊन एकदा उभा राहिलो असतो तर... नाही राहिलो. नंतर टॉवर बघायला गेलो. लिफ्टपाशी तासभर थांबलो. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला."

"तासाभरात काय दिसलं?"

"एका आजींसाठी चार जणांनी दार धरून ठेवलं होतं. हसत होते सगळे. मी घड्याळात पाहिलं. एकशे ऐंशी सेकंद."

जिना उतरताना प्रितीनं विचारलं, "तो खोटं बोलतोय?"

"नाही गं. खोटं बोलणारा माणूस आपली चूक अशी उघडून दाखवत नाही." आत्या थबकली. "पण मग पासष्टची चिठ्ठी डब्यात पोचलीच नाही. म्हणजे ती मोजतानाच गेली."

५

मोजलं होतं रघुवीरनं. तो आता लालबागला मिरची कांडपाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. तिथं बोलणं म्हणजे अर्धं शिंकणं.

"संक्रमण शिबिर? आठवतंय की!" तो नाक पुसत म्हणाला. "सात मजली इमारत, एक लिफ्ट. सहा दिवस लिफ्टच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो होतो, स्टॉपवॉच घेऊन. दार उघडलं की दाबायचं, मिटलं की दाबायचं. ऑफिसला पाठवली ती झेरॉक्स. वही माझ्याकडेच आहे."

"वही आहे?" आत्याचा आवाज एकदम बारीक झाला.

पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून वही निघाली. आत्यानं पानावर पान तपासलं. छापील पान क्रमांक सलग होते. फाडलेलं काही नव्हतं, खोडलेलं काही नव्हतं. चारशे बारा ओळी, एकाच हातच्या. समासात बारीक अक्षरात इतर नोंदी होत्या. 'चहा, चौथा मजला.' 'चहा, दुसरा मजला.' 'चहा आणि चकली, सहावा.'

"लाडच केले की तुमचे," आत्या म्हणाली.

"काय सांगू, ताई! पाहुण्यासारखं वागवलं. आणि माणसं किती शिस्तीची! लोकांनी माझ्या मनात काय काय भरवलं होतं, चाळीतले असे अन् चाळीतले तसे. सहा दिवसांत एकानंही दार धरलं नाही. 'थांबा हो' म्हणून हाक नाही. पोरं नाहीत, सामान नाही. उघड, चढ, मीट, चाललं."

प्रिती समासातल्या नोंदी वाचत होती. वाचता वाचता तिचं बोट थांबलं.

"आत्या, हे बघ. 'मंगळवार, ९.१०. पाटीवाल्या मावशी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पाचव्यावरून जिन्याने गेल्या. लिफ्ट रिकामी होती.'"

"हां, ते नवल वाटलं म्हणून लिहिलं," रघुवीर म्हणाला. "म्हटलं, मावशी, या आत. त्या म्हणाल्या, तुमचा खोळंबा नको."

"गुणवंतीमावशी?" प्रिती ओरडलीच. "जिन्यानं? आत्या, त्यांचे गुडघे! त्या एक मजलासुद्धा चढत-उतरत नाहीत!"

दुकानात कांडपाचे दणके चालू होते. मायाआत्यानं वही मिटली.

"आकडे खरे आहेत," ती हळूच म्हणाली. "आठवडाच खोटा होता."

६

मुलांनो, इथं घटकाभर थांबा आणि तुम्हीच विचार करा. मोजणाऱ्यानं खरं मोजलं. मॉडेल बनवणाऱ्यानं काही गाळलं नाही. मोठ्या साहेबाला तर उलटेच आकडे अपेक्षित होते. तरी डब्यातून चिठ्ठी गेली. मग तिला हात लावणारं उरलं कोण?

गुणवंतीमावशी टॉवरच्या नवव्या मजल्यावर राहायच्या. जन्म कोळीवाड्यातला, लग्नानंतर सगळं आयुष्य चाळीत. प्रितीला बघून त्यांनी आधी तिचे गाल कुरवाळले, मग आत्याकडे वळल्या.

"काय गो माया, किती वाळलीस! बस. बोंबील तळते."

"मावशी, बसत नाही. एकच विचारायचंय. पाच वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये स्टूल टाकून माणूस बसला होता, तेव्हा तुम्ही जिन्यानं का जात होतात?"

मावशींचा हात पदराशी गेला. "पाटीचं पाणी गळतं. वास येतो. परका माणूस बसलेला."

"एरवी वास येत नाही?"

"एरवी आपलीच माणसं असतात."

"पोरंही त्या आठवड्यात लिफ्टमध्ये नव्हती. कुणी कुणासाठी दार धरलं नाही. इमारतभर एकाच वेळी सगळ्यांना शिस्त लागली. मावशी, तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं."

"सांगितलं असंल."

"कुणी?"

गुणवंतीमावशींनी प्रितीकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्या कढईकडे वळल्या. "म्हातारपण गो. आठवत नाय."

सहाव्या मजल्यावरच्या सुनेलाही आठवलं नाही. चौदाव्यावरच्यांनी चहाचा आग्रह केला, पण आठवलं त्यांनाही नाही. संध्याकाळपर्यंत आठ घरं झाली. सगळ्यांनी प्रितीकडे बघितलं आणि सगळेच विसरले.

सतराव्या मजल्यावर, लिफ्टच्या बंद दारासमोर, आत्या म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे. सगळे कुणाला तरी वाचवतायत."

प्रितीनं बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. लालबागपासून ती हे सांगायचं टाळत होती.

"आत्या," ती म्हणाली, "मला आठवतंय."

७

ती तेव्हा सात वर्षांची होती. बिल्डरच्या साहेबांच्या त्या मीटिंगमधून परतल्यावर आजोबा बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी धुतलेला सदरा घातला, तिचं बोट धरलं आणि ते सातही मजले फिरले. प्रत्येक दारात तेच बोलले. 'सहा दिवस. दार धरायचं नाही, पोरांना लिफ्टमध्ये सोडायचं नाही, सामान जिन्यानं. तो माणूस लिहून नेणार आहे. यांना राहायची अक्कल नाही असं कुणी म्हणता कामा नये. आपल्याकडे बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही.' आणि शेवटी तिला म्हणाले होते, 'प्रिती, तूसुद्धा. पाय मधे घालायचा नाही. आपली इभ्रत आहे ती.'

तिनं हे सगळं सांगितलं. आजीच्या खाटेपाशी बसून, सगळ्यांसमोर. बाबांनी तोंड फिरवलं.

"त्यांना वाटलं, ही परीक्षा आहे," मायाआत्या म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा सरळ होता, कारण तसा ठेवला नसता तर तो फुटला असता. "मोजणी म्हणजे परीक्षा नसते, हे त्यांना कुणी समजावलंच नाही. आपण जसे आहोत तसेच दिसायला हवे होतो. हाका मारणारे, दार धरणारे, एकमेकांसाठी खोळंबणारे. अण्णांनी आपल्याला सहा दिवस घड्याळासारखं चालायला लावलं, आणि निमेशच्या घंटेत आपलं खरं जगणं कुठेच आलं नाही. पासष्टची चिठ्ठी अण्णांनी काढली."

"आता काय करायचं?" बाबांनी विचारलं.

"खरं लिहिलं तर ते म्हणतील, आकडे तुम्हीच बिघडवले, आता निस्तरा. तरीही नव्यानं मोजणी मागायला तेवढा एकच रस्ता आहे. पण त्या कागदावर नाव लागेल. राजाराम गमरे यांच्या सांगण्यावरून."

"नाही." बकुळाबाई उठून बसल्या होत्या. "ते नाव त्या कागदावर नको. जन्मभर त्या माणसानं कुणाला नाव ठेवायला जागा दिली नाही. आता स्वतःच्या मरणाला तेच कारण, असं लिहून देऊ?"

"आई, तिसरी लिफ्ट..."

"मला नको तुमची लिफ्ट."

"तुला नको, पण बावीस मजले आहेत."

"माया, मी नाही म्हणाले."

मायाआत्यानं पेनाला टोपण लावलं. तिनं वाद घातला नाही. सुनावणीत आपला टिकाव लागणार नाही, हे तिला तसंही ठाऊक होतं. बाबा उठून गॅलरीत गेले. समोर हॉस्पिटलची पाटी होती, नेहमीसारखीच जवळ.

अर्धवट लिहिलेला अर्ज टेबलावर पडून होता. 'त्या आठवड्यात रहिवाशांनी' इथपर्यंत येऊन थांबलेला.

प्रिती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. आजोबांचं नाव लिहायचं नाही, हे तिला पटलं होतं. न लिहून चालणार नाही, हेही तिला कळत होतं. आजोबांनी फक्त सांगितलं होतं. केलं सगळ्यांनी होतं.

तिनं दप्तरातून कोरा कागद काढला आणि शाळेच्या अक्षरात लिहिलं: मी, प्रिती अभय गमरे, तेव्हा वय वर्षे सात. मोजणीच्या सहा दिवसांत मी लिफ्टच्या दारात पाय घातला नाही. एरवी रोज घालत होते.

खाली तिनं सही केली. ही तिची पहिलीच सही होती, त्यामुळे ती थोडी वाकडी आली.

मग तो कागद, आणखी काही कोरे कागद आणि पेन घेऊन ती बाहेर पडली. लिफ्टचे आकडे तीनवर आणि दहावर अडले होते. तिनं बटण दाबलं नाही. जिन्यानं आठ मजले उतरली आणि गुणवंतीमावशींच्या दारावरची बेल वाजवली.